दंड सरकारला, ग्राहकाला काय?

कंपनीचा डेटा फुटला की कंपनी आधी वकील गाठते, मग शेअर बाजाराला पत्र पाठवते. ज्याची माहिती फुटली त्या ग्राहकाला मात्र ते पेपरातून कळतं. हा क्रम उलटा आहे आणि आपण तो मुकाट्याने सहन करतोय. आज एकाच गोष्टीवर बोट ठेवायचं आहे. तुमची खासगी माहिती कंपनीच्या निष्काळजीपणामुळे बाहेर गेली, तर भरपाई मागायचा थेट हक्क आज कायद्यात आहे. मे २०२७ मध्ये तो हक्क पुसला जाणार आहे. आहे तोवर तो वापरायला शिका, आणि तो जाऊ नये म्हणून आत्ताच आवाज करा.

दोन जिल्ह्यांच्या पाचपट

स्टार हेल्थ ही चेन्नईची आरोग्य विमा कंपनी. ऑगस्ट २०२४ मध्ये एका अनोळखी माणसाने कंपनीला कळवलं की तुमचा डेटा माझ्या हाती लागलाय. २० सप्टेंबरला रॉयटर्सने बातमी फोडली. टेलिग्रामवरचे चॅटबॉट मागेल त्याला लोकांच्या पॉलिसी आणि क्लेमचे कागद काढून देत होते. त्यात नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राची प्रत, रक्ताचे रिपोर्ट, आजाराचं निदान, सगळं होतं. हॅकरचा दावा ३ कोटी १० लाखांहून जास्त ग्राहकांचा होता. २०११ च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे मिळून ६३ लाखांच्या आतच भरतात. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांच्या जवळपास पाचपट माणसांची दुखणी विक्रीला निघाल्याचा हा दावा.

कंपनीने तामिळनाडूच्या सायबर पोलिसांना आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवलं. मोठी फूट झालेली नाही, संवेदनशील माहिती सुरक्षित आहे, असंही सांगितलं. सप्टेंबर संपायच्या आत मद्रास उच्च न्यायालयातून टेलिग्राम आणि हॅकरविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम मिळवला. ऑक्टोबरमध्ये आपण सायबर हल्ल्याला बळी पडल्याचं मान्य केलं. आणि रॉयटर्सने ज्या पॉलिसीधारकांना गाठलं, त्यांचं म्हणणं होतं की कंपनीने आम्हाला काहीच कळवलं नाही.

कोर्टात जाणं कंपनीचं कामच होतं. पण वकीलपत्रावर सही झाली, त्याच दिवशी ग्राहकाच्या मोबाईलवर चार ओळींचा मेसेज जायला हवा होता: तुमची अमुक माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, अमुक फोन आले तर सावध राहा. ही चार वाक्यं पाठवायला कुठल्या कोर्टाची परवानगी लागत नाही.

हे एकाच कंपनीचं नाही. एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती ज्या सीता या कंपनीच्या यंत्रणेत होती, तिच्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये हल्ला झाला. जगभरातल्या ४५ लाख प्रवाशांची माहिती त्यात होती. प्रवाशांना तपशीलवार पत्र गेलं ते मे महिन्यात. त्याच वर्षी मोबिक्विकच्या कोट्यवधी ग्राहकांचा डेटा विक्रीला आल्याचं सायबर संशोधकांनी दाखवलं. कंपनीने फूट साफ नाकारली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या एचडीएफसी लाइफने शेअर बाजाराला कळवलं की ग्राहकांच्या काही माहितीच्या नोंदी एका अज्ञात इसमाने आपल्याला पाठवल्या आहेत. कंपन्या बदलतात, पण ग्राहक सगळीकडे रांगेत शेवटीच उभा असतो.

आपलं काय जास?

खानदेशात हा विषय काढला की पहिलं उत्तर येतं, "आपलं काय जास?" गरिबाच्या माहितीला कोण विचारतो, असं म्हणून माणूस मोकळा होतो. हा समज आधी डोक्यातून काढा.

सावदा, यावल, शिरपूर, साक्री, कुठल्याही गावच्या सेवा केंद्रात जाऊन उभं राहा. केळीच्या फळपीक विम्याचे अर्ज भरायचे दिवस असतात. स्कॅनरच्या काचेवर एकामागून एक आधार कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, सातबारा पडत असतो. सगळं संगणकात गावाच्या नावाच्या फोल्डरमध्ये साठतं. अर्ज गेल्यावर तो फोल्डर कोण पुसतं? अनेक ठिकाणी कोणीच नाही. एखाद्या कागदाचा फोटो राहिला असेल तर तो व्हॉट्सअॅपवर मागवतात, आणि तो त्या मोबाईलमध्येही तसाच पडून राहतो. नवीन सिम घ्या, हप्त्यावर फ्रिज घ्या, सोसायटीचं कर्ज काढा, दवाखान्यात कॅशलेस करा, प्रत्येक ठिकाणी हाच संच द्यावा लागतो. शेतकऱ्याची माहिती शहरातल्या नोकरदारापेक्षा जास्त हातांतून जाते.

आता ती चुकीच्या हातात पडली की काय होतं ते बघा. समजा, धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला फोन येतो. पलीकडचा माणूस आदबीने बोलतो. तिचं पूर्ण नाव, पॉलिसीचा नंबर, मागच्या दिवाळीनंतर झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, क्लेममध्ये कापले गेलेले रुपये, सगळं बरोबर सांगतो. "बाई, तुमची कापलेली रक्कम परत आलीय, खात्याची खात्री करायची आहे," एवढंच त्याला हवं असतं. लॉटरी लागली म्हणणाऱ्याला त्या बाईंनी केव्हाच झटकलं असतं. पण आपल्या डोळ्याचं ऑपरेशन माहीत असलेल्या माणसावर त्या विश्वास ठेवतात. फुटलेल्या माहितीतून चोराला मिळतो तो हा विश्वास. पासवर्ड बदलता येतो, कार्ड बदलता येतं. जन्मतारीख, आजार आणि अंगठ्याचा ठसा बदलता येत नाही.

जळगावकरांना बीएचआर पतसंस्था सांगायला नको. ठेवी अडकल्या, माणसं वर्षानुवर्षं खेटे घालत राहिली. पण त्यांच्या हातात निदान ठेवपावती होती. माहिती बुडते तेव्हा तुमच्या हातात कागदाचा कपटाही नसतो. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक शब्द लक्षात ठेवा: पोच. जे कराल त्याची पोच घ्या.

पहिल्या दिवशी काय करायचं

डेटा फुटल्याची बातमी आली, कंपनीचा मेल आला, किंवा कोणी फोनवर तुमची माहिती घडाघडा सांगितली, तर आधी पुरावा धरा. मेसेज, मेल, बातमी, आलेल्या फोनचा नंबर, तारीख, वेळ, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. फोन करणाऱ्याला नेमकं काय काय माहीत होतं ते त्याच दिवशी कागदावर लिहून काढा. पॉलिसी नंबर, क्लेमची रक्कम, ऑर्डरची तारीख अशी माहिती एकाच कंपनीकडे असते. माझी माहिती तुमच्याकडूनच गेली, हे पुढे दाखवायला हीच नोंद कामी येते. घाबरून मेसेज डिलीट करू नका.

मग ईमेलचा पासवर्ड बदला. बाकी सगळ्याचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलले जातात, म्हणून सुरुवात तिथून. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. कार्डाचा तपशील गेला असेल तर कार्ड ब्लॉक करून नवीन घ्या. यूपीआयची आणि कार्डाची रोजची मर्यादा खाली आणा. बँकेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या.

आधारची प्रत गेली असेल तर बायोमेट्रिक लॉक करा. एमआधार अॅपवर किंवा युआयडीएआयच्या संकेतस्थळावर हे फुकट होतं. खेड्यात याची गरज सगळ्यात जास्त आहे, कारण अंगठा लावून पैसे काढायच्या आधार-आधारित सेवेत ओटीपी लागत नाही. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. बायोमेट्रिक लॉक असेल तर रेशन दुकानात अंगठा चालणार नाही आणि पेन्शनरचा हयातीचा दाखलाही अंगठ्याने निघणार नाही. त्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं आणि पुन्हा लॉक करायचं. घरातल्या म्हाताऱ्यांना हे जमणार नाही, त्यांचं तुम्ही करा. आधार कुठे कुठे वापरलं गेलं याचा इतिहासही तिथेच दिसतो, तो महिन्यातून एकदा बघा. इथून पुढे जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच तक्रार करा. तुमच्या नावावर कोणी कर्ज काढलंय का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चार कंपन्या वर्षभरात विभागून घ्या, दर तीन महिन्यांनी एक बघा.

पैसेच गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. पैसे चोराच्या पहिल्या खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता आले तर परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे मिनिटाला किंमत आहे. नंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि सायबर पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवलं तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा, आता तो कायद्यातच आहे.

बँकेबाबत आणखी एक. ना तुमची चूक, ना बँकेची, मधल्याच कोणाच्या फुटीमुळे खात्यातून पैसे गेले आणि बँकेकडून कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार दिली, तर तुमची जबाबदारी शून्य. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये हा नियम केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही लावला. चौथ्या ते सातव्या दिवशी गेलात तर नुकसानीचा काही भाग तुमच्या माथी बसतो. शाखेत "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या" असं उत्तर मिळालं तर सोमवारची वाट बघू नका. अर्ज तिथेच द्या, पोच घ्या. पतसंस्थेला मात्र हा नियम लागू नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. ठेवीचं व्याज बघताना हेही बघत जा.

भरपाईचे दरवाजे

स्वतःला सावरून झालं की हिशोब मागायचा. पहिला अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. २०११ च्या नियमांप्रमाणे त्याचं नाव संकेतस्थळावर असलं पाहिजे आणि तक्रार एका महिन्यात निकाली निघाली पाहिजे. तीन प्रश्न विचारा. माझी कोणती माहिती गेली? कधी गेली आणि तुम्हाला कधी कळलं? तुम्ही आता काय केलं? मेलने पाठवा आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवा. उत्तर आलं तर तो पुरावा. नाही आलं तर तोही पुरावा.

दुसरा दरवाजा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ चा. कंपनीने संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय केली आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं, तर कंपनीने भरपाई द्यायची, असं हे कलम सांगतं. संवेदनशील म्हणजे काय, तेही नियमात आहे: पासवर्ड, बँक आणि कार्डाचा तपशील, आरोग्य आणि वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक, लैंगिक कल. नुसतं नाव आणि फोन नंबर त्यात बसत नाही, दवाखान्याचा रिपोर्ट बसतो. ५ कोटींपर्यंतचा दावा अॅडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे जातो. आपल्या राज्यात तो अधिकारी म्हणजे मंत्रालयातला माहिती तंत्रज्ञान विभागाचा सचिव.

हे कलम पुस्तकातच राहिलेलं नाही. पुण्याच्या पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रुपये फिशिंग करून उडवले गेले. २०१३ मध्ये सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला लावलं. यातली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. तक्रारदाराने फसव्या मेलला उत्तर दिलं होतं, म्हणजे त्याचीही चूक होती. ती धरून नुकसानीचा काही भार त्याच्यावर ठेवला. पण संशयास्पद खात्यांवर नजर ठेवायला बँक चुकली, म्हणून बँकेची सुटका झाली नाही. "ओटीपी तुम्हीच दिलात ना" हे वाक्य ऐकून परत फिरणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा. तुमची चूक असली म्हणून समोरच्याची चूक माफ होत नाही.

तिसरा दरवाजा घराजवळचा, जिल्हा ग्राहक आयोगाचा. तो जळगावलाही आहे आणि धुळ्यालाही. कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि माहिती नीट न सांभाळणं ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. मुदत मात्र २ वर्षांची. एकाच कंपनीच्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. ग्राहक चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी ही एकत्र तक्रार हाती घेतली तर दहा जणांचे दहा हेलपाटे वाचतील.

वकिलाच्या खर्चाची भीती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत मदत मिळते.

चौथा दरवाजा फौजदारी. तुमची ओळख वापरून फसवणूक झाली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क आणि ६६-ड. कंपनीच्या आतल्याच कोणी करार मोडून माहिती विकली तर ७२-अ, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे. फिर्यादीत ही कलमं लिहिली गेली का, ते सही करण्याआधी वाचा.

अडीचशे कोटींचा आकडा

आता नव्या कायद्याकडे या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. यात चांगलं आहे ते आधी सांगतो. माहिती फुटली की ज्याची फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब, साध्या सोप्या शब्दांत कळवायचं: काय झालं, काय परिणाम होऊ शकतो, तुम्ही काय काळजी घ्यावी, कोणाशी बोलावं. या कायद्याखालच्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड. फूट लपवली तर २०० कोटींपर्यंत. संमती घेताना मराठीत वाचायची सोय द्यायची. हे सगळं हवंच होतं.

पण हा दंड जातो कुठे? भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याच्या आजाराचे कागद बाजारात गेले त्याला या कायद्यात भरपाईची तरतूद नाही. आणि ज्या दिवशी मुख्य बंधनं लागू होतील, त्याच दिवशी जुन्या कायद्यातलं कलम ४३-अ रद्द होईल. त्याच नव्या कायद्यात ग्राहकाची कर्तव्यंही लिहिली आहेत. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर ग्राहकाला १० हजारांपर्यंत दंड आहे. खरी तक्रार केली, ती सिद्ध झाली, कंपनीला दंडही बसला, तरी ग्राहकाच्या हातात काही पडत नाही. हा कायदा अर्धा आहे, असंच म्हणावं लागतं.

हे नजरचुकीने राहिलं असंही नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला, त्यात पीडिताला भरपाई मागायचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ च्या कायद्यात तो नाही. म्हणजे तो लिहिलेला होता आणि काढला गेला. मुंबई दंगलींची चौकशी केलेल्या श्रीकृष्णांचं नाव महाराष्ट्राला नवं नाही. नुकसान झालेल्या माणसाला काय मिळालं, हा प्रश्न त्यांच्या समितीने विचारला होता. संसदेने तो गाळला.

ग्राहक आयोगाचा दरवाजा पुढेही उघडा राहील, कारण नवा कायदा इतर कायद्यांचे हक्क काढून घेत नाही. पण तिथे माहितीची फूट ही सेवेतली त्रुटी कशी, हे प्रत्येकाने नव्याने सिद्ध करायचं. ४३-अ मध्ये ते थेट लिहिलेलं आहे. थेट रस्ता बंद करून आडवाटेने जा म्हणणं हा न्याय नाही.

इथल्यांनाही सांगायचं आहे

आपल्या दोन जिल्ह्यांतल्या व्यावसायिकांनी हे मुंबई-बंगळुरूच्या कंपन्यांचं झेंगट समजू नये. दवाखाना, कोचिंग क्लास, सराफी पेढी, पतसंस्था, गोलाणी मार्केटमधलं मोबाईलचं दुकान, ज्याच्या संगणकात ग्राहकाची माहिती आहे त्या सगळ्यांशी नव्या कायद्याचा संबंध आहे. काम संपलं की स्कॅन पुसा. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा लॉगिन द्या. पेशंटचे रिपोर्ट सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बंद करा. याला लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर लागत नाही, लक्ष लागतं.

सरकारकडे मागण्या तीन. एक, दंडातला ठरावीक वाटा पीडितांना द्या, किंवा ४३-अ सारखं भरपाईचं कलम नव्या कायद्यात घाला. दोन, माहिती फुटल्याची सूचना ग्राहकाच्या भाषेत देणं सक्तीचं करा. संमती मराठीत मागायची आणि धोक्याची सूचना इंग्रजीत पाठवायची, हे चालणार नाही. तीन, ४३-अ च्या सुनावण्या मंत्रालयापुरत्या ठेवू नका. जळगाव ते मुंबई हा रेल्वेचा चारशे किलोमीटरहून लांबचा प्रवास आहे. वीस हजारांच्या दाव्यासाठी तो कोण करणार? नाशिकच्या विभागीय आयुक्तालयात सुनावणी ठेवा, नाहीतर व्हिडिओवर घ्या.

खानदेशातून लोकसभेत तिघी निवडून गेल्या आहेत: जळगावच्या स्मिता वाघ, रावेरच्या रक्षा खडसे, धुळ्याच्या शोभा बच्छाव. दोघी सत्ताधारी बाजूच्या, एक विरोधी बाकावर. या प्रश्नात पक्ष आडवा यायचं कारण नाही, कारण विमा, बँक आणि दवाखाना सगळ्यांच्याच मतदारांना लागतो. वाचकांनो, तिघींना पत्र लिहा. एकच प्रश्न विचारा: माहिती आमची फुटणार, तर भरपाई आम्हाला का नाही? पत्राची पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहा. भरपाईची ती एक ओळ कायद्यात येत नाही तोवर अडीचशे कोटींचा आकडा खानदेशातल्या एकाही घराच्या कामाचा नाही.